भुईरिंगणीला फळ धरते कोणामुळे?

भुईरिंगणीच्या फुलात मध नसतो. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, तर तिची लागवड करणाऱ्याने, रानातून तिचे पंचांग, म्हणजे मुळासकट अख्खे झाड, गोळा करणाऱ्याने आणि तिच्यावर प्रकल्प करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने काय करायचे, हे बरेचसे उलगडते. मध नाही, म्हणून मधाच्या शोधात फिरणारे कीटक तिच्याकडे वळत नाहीत. पराग आहे, पण तो असा कोंडलेला की कोणीही यावे आणि घेऊन जावे, असे होत नाही. तो काढण्याची कला फक्त काही रानमाश्यांना येते. त्या आपल्या शिवारात उरल्या आहेत का आणि उरल्या नसतील तर त्यांना परत कसे आणायचे, हे प्रत्येकाला स्वतःच्या बांधावर तपासता येते. ते कसे तपासायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी हे का महत्त्वाचे, ते पाहू. भुईरिंगणी म्हणजे आयुर्वेदातली कंटकारी, वनस्पतिशास्त्रातली सोलॅनम व्हर्जिनियानम. जुन्या पुस्तकांत ती सोलॅनम झँथोकार्पम किंवा सोलॅनम सुरातेन्स या नावांनी सापडते, वनस्पती तीच. दशमुळांपैकी लघुपंचमुळात सालवण, पिठवण, डोरली आणि सराटा यांच्या जोडीला ती बसते. खोकला आणि दमा यांवरच्या कंटकारी अवलेह, व्याघ्री हरीतकी यांसारख्या कल्पांत ती लागते. दशमुळासाठी मूळ उपटले की झाड गेले. पंचांगासाठी तर अख्खे झाडच जाते. अडुळशाची गोष्ट वेगळी आहे. त्याची पाने खुडली तरी झुडूप उभे राहते आणि फांदी खोचली की नवे रोप तयार होते. रिंगणीची पुढची पिढी मात्र बियांतूनच येते. म्हणून बी किती धरते, हा तिच्या बाबतीत जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

आता फुलाकडे नीट पाहू या. हिवाळ्यात कोरड्या माळावर, रस्त्याकडेला किंवा बांधावर जमिनीला चिकटून पसरलेली, पानांच्या शिरांवरसुद्धा पिवळसर सरळ काटे असलेली ही वनस्पती हातमोजे घालूनच हाताळावी. फूल जांभळे, पाच टोकांचे. मधोमध पाच पिवळेधमक परागकोश एकमेकांना टेकून उभे असतात आणि त्यांच्या मधून हिरवट कुक्षीवृंत वर डोकावतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन परागकोशाचे टोक पाहा. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग उघडा पडतो. रिंगणीच्या परागकोशाच्या टोकाला मात्र दोन बारीक छिद्रे असतात आणि पराग आत कोरडा, भुकटीसारखा साठलेला असतो. जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या डबीसारखी ही रचना आहे. हलवल्याशिवाय काही बाहेर येत नाही.

हलवायचे काम माशी करते. ती फुलावर उतरते, परागकोशांना पायांनी कवटाळते, एखादा कोश जबड्यात धरते आणि अंगाचा आकडा करते. मग पंख मिटलेले ठेवून उडण्याचे स्नायू थरथरवते. सेकंदाला काही शे कंपने होतात आणि छिद्रांतून परागाचा फवारा तिच्या पोटावर पडतो. ती तो पायांनी झाडून गोळा करते, कारण तिच्या पिलांचे अन्न तेच. पण जिथे तिचे पाय पोचत नाहीत, तिथे थोडा पराग उरतो आणि पुढच्या फुलाची कुक्षी नेमकी तिथेच टेकते. रिंगणीचा सारा संसार या उरलेल्या परागावर चालतो.

हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. उडतानाची गुणगुण खालच्या पट्टीतली असते. माशी फुलावर टेकली की क्षणभर शांतता होते आणि मग तुटक, चढ्या पट्टीतला आवाज येतो. एकदा तो ओळखीचा झाला की वांग्याच्या वाफ्यातही तो वेगळा काढता येतो. वांगे, टोमॅटो, बहावा, तरवड या सगळ्यांची फुले याच पंथातली. जगभरात अशा फुलांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत.

आपल्या नेहमीच्या मधमाश्यांना, म्हणजे सातेरी, आग्या, फुलोरी आणि पेटीतली मेलिफेरा यांना ही थरथर जमत नाही. त्या रिंगणीवर कधी दिसल्याच, तर दुसऱ्या माशीने सांडलेला पराग पाकळ्यांवरून टिपताना दिसतात. पोयाच्या बारीक माश्याही तेच करतात. त्यांच्या या फेऱ्यांचा फळधारणेला फारसा उपयोग होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण परागीभवन म्हटले की मधपेटी, असे समीकरण आपल्याकडे झाले आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, या मोलाच्याच गोष्टी आहेत. सूर्यफूल आणि बियाण्याचा कांदा यांना मधपेट्यांचा चांगला उपयोग होतो. पण रिंगणीच्या प्लॉटमध्ये मधपेटी ठेवून फळ वाढेल, या आशेवर पैसे घालू नका.

मग काम करते कोण? सर्वांत ठळक दिसतो तो काळा भुंगा, झायलोकोपा. लाकूड पोखरून घर करणारा, अंगठ्याच्या पेराएवढा. याच्या काही जातींत मादीच्या छातीवर पिवळी लव असते आणि नर अख्खाच पिवळट असतो, त्यामुळे दोन वेगळे कीटक आहेत असा समज होतो. दुसरी अमेगिला. तिच्या पोटावर निळसर पट्टे असतात, ती हवेत थबकत थबकत उडते आणि मातीच्या भिंतीत किंवा बांधाच्या उभ्या कडेला बीळ करते. संध्याकाळी अमेगिलाचे नर वाळक्या काडीला जबड्याने पकडून ओळीने झोपलेले सापडतात. ज्या शिवारात हे दिसेल तिथे जवळपास त्यांची बिळे आहेत, असे समजावे. तिसऱ्या नोमियाच्या गोतातल्या छोट्या माश्या. त्यांच्या पोटावर मोतिया चमकीचे पट्टे असतात आणि त्या सपाट, उघड्या जमिनीत बिळे करतात. या तिघींनाही मोहोळ नसते. मादी एकटी घर करते आणि एकटीच पिलांची सोय लावते. म्हणून त्यांची संख्या एकदा घसरली की ती भरून यायला वेळ लागतो.

पाहणी कशी करावी

रिंगणीला फुले वर्षभर कधीही दिसतात, पण पाहणीला हिवाळा सोयीचा. सकाळी ऊन अंगावर आले की बसावे आणि ऊन चढेपर्यंत थांबावे. एका जागी दहा ते पंधरा झाडे दिसतील असा टापू निवडा. दहा मिनिटे पाहणी, पाच मिनिटे विश्रांती, पुन्हा दहा मिनिटे, असा क्रम ठेवा. वहीत वेळ, डोळ्यांसमोर किती फुले उघडी आहेत, कोण आले, किती फुलांवर बसले आणि थरथरीचा आवाज ऐकू आला की नाही, एवढेच लिहा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण फुलावर बसलेला प्रत्येक कीटक परागवाहक नसतो. फुलपाखरू, मुंगी, भुंगेरा, पराग टिपणारी सातेरी यांची नोंद वेगळी ठेवा. केवळ येणाऱ्यांची बेरीज करून ‘येथे परागीभवन उत्तम’ असा निष्कर्ष काढणारे प्रकल्प अहवाल महाविद्यालयांतून पुष्कळ लिहिले जातात आणि ते फसवे असतात.

माशी प्रत्यक्ष दिसली नाही, तरी तिची खूण मागे राहते. जबड्याने धरलेल्या जागी पिवळ्या परागकोशावर तपकिरी ठिपके उमटतात. काल उघडलेल्या फुलांपैकी किती फुलांवर असे ठिपके आहेत, हे भिंगाने मोजले, तर आदल्या दिवशी किती फुलांना भेट मिळाली याचा चांगला अंदाज येतो. ज्याला दिवसभर बसायला वेळ नाही, त्याने निदान हे करावे.

आणखी एक पाहणी वांग्याच्या शेतकऱ्याकडून शिकण्यासारखी आहे. वांग्याच्या काही फुलांत कुक्षीवृंत लांब, परागकोशांच्या वर आलेला असतो. काहींत आखूड, आतच बुडालेला. आखूड कुक्षीवृंताची फुले फळ न धरता गळतात आणि शेतकरी त्याचा दोष औषध फवारणीला देत राहतो. रिंगणीची पाहणी करतानाही प्रत्येक फुलाच्या नोंदीपुढे कुक्षी वर आहे की आत, हे लिहावे. नाहीतर मुळात फळ न धरणाऱ्या फुलांचा हिशेब माश्यांच्या नावावर चढतो.

पिशवीचा प्रयोग

झाडाला माशीची गरज किती, याचे उत्तर पिशवी देते. बारीक विणीच्या मच्छरदाणीच्या कापडाच्या किंवा ऑर्गंझाच्या लहान पिशव्या शिवून घ्या. प्लास्टिक नको, आत घाम धरतो आणि फूल कुजते. उद्या उघडेल अशी फुगलेली कळी निवडून संध्याकाळी पिशवी बांधा. काट्यांत कापड अडकते, म्हणून आधी तारेचे छोटे कडे करून त्यावर पिशवी ताणली तर काम सोपे होते.

फुलांचे चार गट करावेत आणि प्रत्येकाच्या देठाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. पहिला गट मोकळा, फक्त दोरा बांधलेला. दुसऱ्यावर पिशवी, आत हात लावायचा नाही. तिसऱ्यावर पिशवी, पण फूल उघडल्यावर त्याच फुलाचा पराग त्याच्याच कुक्षीवर आपण लावायचा. चौथ्यात कळी असतानाच चिमट्याने पाचही परागकोश काढून टाकायचे, पिशवी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी निदान काही मीटर दूरच्या झाडावरचा पराग आणून लावायचा. फूल सुकले की पिशव्या काढाव्यात, दोरे राहू द्यावेत.

पराग काढायचा कसा, हा प्रश्न येतोच, कारण काडीने खरवडून तो निघत नाही. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून ५१२ कंपनांचा नादकाटा मागून आणा. तो रबरावर आपटून थरथरता काटा परागकोशाला टेकवा आणि खाली काळा कागद धरा. छिद्रांतून फिकट भुकटीचा ढग निघून कागदावर पडतो. विजेवर चालणारा टूथब्रशही चालतो. वर्गातल्या मुलांना हे एकदा दाखवले की भुंगा फुलावर नेमके काय करतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही. ही भुकटी बारीक रंगाच्या कुंचल्याने कुक्षीवर टेकवायची. कुक्षी तयार आहे का, हे पाहायचे असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब दुसऱ्या एखाद्या फुलाच्या कुक्षीवर टाकून भिंगातून बघा. तयार कुक्षीवर लगेच बुडबुडे येतात. ते फूल प्रयोगातून बाद समजावे.

प्रत्येक गटात निदान तीस फुले हवीत आणि ती दहा झाडांत तरी वाटलेली हवीत. एकाच झाडावर सगळे करू नये. झाडाकडे अन्न मर्यादित असते, एका फुलात फळ भरू लागले की ते दुसरे गाळते आणि आपला हिशेब चुकतो.

निकाल वाचताना घाई करू नका. फळ किती धरले एवढ्यावर थांबू नये. फळ पिवळे झाले की फोडून बिया मोजाव्यात. थोड्या परागावरही फळ धरू शकते, पण आत बिया मोजक्याच असतात आणि बाहेरून ते कळत नाही. पिशवीतल्या हात न लावलेल्या फुलांना फळ जवळजवळ नाही आणि तिसऱ्या गटाला मात्र चांगले आहे, तर स्वतःचा पराग झाडाला चालतो, पण तो बाहेर काढायला माशी लागते, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या गटालाही थोडीफार फळे आली, तर वाऱ्याने हलून पराग आपोआप पडला असावा. चौथ्या गटाच्या बिया तिसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त भरल्या, तर झाडाला शेजारी हवे आहेत. अशा जागी एकटे झाड मागे ठेवून बाकी सगळी उपटणे म्हणजे उरलेल्यालाही निपुत्रिक करणे.

लागवड करणाऱ्याने पाचवा गट जरूर करावा: मोकळी फुले, माश्यांना येऊ द्यायचे आणि शिवाय दूरच्या झाडाचा पराग आपणही लावायचा. साध्या मोकळ्या फुलांपेक्षा या गटात बिया बऱ्याच जास्त आल्या, तर शिवारात माश्या कमी पडत आहेत. खत, पाणी यांवर खर्च वाढवण्याआधी हे कळलेले बरे.

माश्या कमी असतील तर

या माश्यांना रिंगणी पराग देते, पण मध देत नाही, हे पुन्हा आठवा. त्यांना उडायला लागणारी साखर दुसरीकडून मिळाली पाहिजे. म्हणून नुसत्या रिंगणीचा स्वच्छ निंदलेला प्लॉट ही या माश्यांसाठी उपासमारीची जागा आहे. कडेने अडुळसा लावा. हिवाळ्यात फुलणाऱ्या त्याच्या दोन ओठांच्या पांढऱ्या फुलात तळाशी मध असतो आणि भुंग्यांना ते फूल मानवते. रुई बांधावर असेल तर तोडू नका, तिच्या फुलांचा खरा परागवाहक भुंगाच आहे. तुळस, रानतुळस आणि तुंबा छोट्या माश्यांसाठी. तूर आणि ताग फुलोऱ्यात असतात तेव्हा भुंग्यांची चंगळ असते. विदर्भ-मराठवाड्यात तुरीच्या बांधावर रिंगणी असणे म्हणजे दोघींचीही सोय. त्या बांधावर तणनाशक मारले की रिंगणी जातेच, शिवाय तुरीच्या फुलांवर येणाऱ्या माश्यांचा आसराही जातो.

घरट्यांची सोय तर जवळजवळ फुकटात होते. पांगारा, शेवगा यांसारख्या मऊ लाकडाची वाळलेली जाड फांदी जाळायला न नेता कुंपणाला आडवी बांधा. जुन्या बांबूचे हातभर तुकडे, एका टोकाला पेर बंद आणि आत अंगठा जाईल एवढी पोकळी, असे चार-पाच एकत्र बांधून पावसापासून आडोशाला टांगा. घराच्या वाशाला भुंग्याने भोक पाडले तर रॉकेल ओतण्याची पद्धत आहे. त्याऐवजी शेजारी असा ओंडका द्या आणि वाशाला रंग किंवा तेल लावा, भुंगा उघडे कोरडे लाकूड पसंत करतो. जमिनीत राहणाऱ्या माश्यांसाठी उन्हाकडे तोंड असलेला बांधाचा एक तुकडा न नांगरता, आच्छादन न घालता, न जाळता ठेवा. बांध पेटवण्याची सवय या माश्यांना फार महाग पडते. कीटकनाशक मारावेच लागले तर फुलांवरची वर्दळ संपल्यावर, संध्याकाळी उशिरा मारा.

काढणी आणि बियाणे

गोळा करणाऱ्यांना एकच आग्रह: हिरव्या फळांवर झाड उपटू नका. रिंगणीचे फळ कोवळेपणी हिरवे, पांढऱ्या रेघांचे असते आणि पिकल्यावर पिवळे होते. पिवळे फळ हाती आले की तिथल्या तिथे फोडून बिया ओल्या मातीत मिसळाव्यात आणि मगच मुळाला हात घालावा. एका जागेवरची तीनातली दोनच झाडे काढावीत आणि राहिलेली एकमेकांच्या जवळपास राहतील असे पाहावे. खरेदीदाराला वजन हवे असते आणि मजुराला रोज पडायला हवा, हे मान्य. पण जिथे दरवर्षी हिरव्या फळांवर झाडे निघतात, तिथे मातीतला बियांचा साठा आटत जातो. लागवडीसाठी बी ठेवायचे तर अनेक झाडांची पूर्ण पिवळी फळे घ्या, गर धुऊन बी सावलीत वाळवा आणि वाफ्यात रोपे करा.

फळे चाखून पाहू नका आणि मुलांना पाहू देऊ नका. त्यांत सोलॅसोडीन वर्गातली अल्कलॉइडे असतात. औषध करणाऱ्यालाच त्याची मात्रा ठाऊक असते. किडक्या दाताला रिंगणीच्या बियांची धुरी देण्याची रीत गावोगाव होती, ती आठवण म्हणून ठीक आहे. दात दुखत असेल तर दंतवैद्याकडे जावे.

तुमच्या पाहणीची वही कपाटात ठेवू नका. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या वहीत औषधी वनस्पतींची यादी बहुधा असते, पण त्यांना फळ कोणामुळे धरते याचा रकाना मी क्वचितच भरलेला पाहिला आहे. आपल्या गावच्या नोंदवहीत भुईरिंगणीपुढे भुंगा, निळ्या पट्ट्यांची अमेगिला आणि जमिनीतल्या माश्या यांची नावे, त्या कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या बांधावर दिसल्या, यांसह लिहून घ्या. कीटक ओळखता आला नाही तर फोटो जोडा. वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका असेल, तर वाळवलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवता येतो. वनक्षेत्रात काम करायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

दोरे, पिशव्या, एक भिंग आणि शाळेतला नादकाटा, एवढ्यावर हे सारे होते. येत्या हिवाळ्यात करून पाहा आणि बांधावरच्या रिंगणीला पिवळी फळे लागेपर्यंत कुदळ लावू नका.